आमचे पोवळे

आमच्या शाळेच्या शास्त्रशाळेत दाराच्या उजव्या हातास एक काचेचे कपाट आहे. आजी विद्यार्थी ते रोजच पाहतात, व माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी त्याच्या काचा पुसलेल्या आहेत. त्यात सुगरणीचे घरटे आहे, स्पिरिटमध्ये बुडविलेला एक विंचू आहे, सागवानाच्या खोडाचा आडवा काप आहे, वणीकडील कोळशाचे एक ढेकूळ आहे, व त्याच्या शेजारी राजूरचा चुनखडक आहे. प्रत्येक वस्तूखाली एक चिठ्ठी आहे, आणि बहुतेक चिठ्ठ्या आमच्याच हस्ताक्षरातील आहेत. दुसऱ्या फळीवर कापूस घातलेली एक लहानशी डबी आहे. तिच्याखाली तीन वर्षेपर्यंत "पोवळे" असा शब्द होता. तो शब्द आता तेथे नाही. शाळेस मिळालेल्या देणग्यांच्या यादीत, याच वार्षिकात, आम्ही तो छापविला होता. तेव्हा तो का काढावा लागला हेही याच पानांतून सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

यवतमाळास राहणाऱ्या मनुष्याचा समुद्राशी संबंध तो काय असणार! पश्चिमेस जावे तरी सहाशे किलोमीटरांहून अधिक रस्ता तुडवावा लागतो, आणि पूर्वेचा समुद्र त्याहून जवळ आहे असे नाही. आमच्या वर्गातील चाळीस मुलांमुलींपैकी समुद्र पाहिलेले हात वर करा असे म्हटले, तेव्हा चार हात वर झाले. त्यांतील एक हात, मागाहून कळले, चित्रपटात पाहिल्याबद्दलचा होता. अशा वर्गात एका मुलाने दिवाळीच्या सुटीनंतर एक पुरचुंडी आणली. त्याची आत्या रत्नागिरीस असते. तिने भाच्याच्या शाळेकरिता म्हणून किनाऱ्यावर वाहून आलेले जिन्नस वेचून पाठविले होते. शिंपले होते, कवड्या होत्या, समुद्रफेसाचे दोन तुकडे होते. आणि तळाशी, एका झिजलेल्या शिंपल्यास चिकटलेला, दोन बोटे उंचीचा एक तुरा होता. वरून तो मिठासारखा पांढरा, पण आत बोट घालून फाकविला असता बुडाशी फिकट गुलाबी. त्यास बारीक बारीक फांद्या होत्या, आणि हातास तो दगडासारखा खरखरीत लागे.

शिंपल्यांकडे कोणी पाहिले नाही. सर्व वर्ग त्या तुऱ्याभोवती गोळा झाला. "सर, हे काय?" असे चहूकडून विचारू लागले. शिक्षकास "पाहून सांगतो" असे म्हणण्याची लाज वाटते, ही आमच्या धंद्यातील एक जुनी खोड आहे. आम्ही म्हणालो, "पोवळे."

एवढ्यावर थांबलो असतो तर अपराध लहान झाला असता. परंतु सांगितलेले सिद्ध करून दाखविण्याची आम्हांस हौस. दुसऱ्या दिवशी तुऱ्याच्या दोन काड्या परीक्षानळीत टाकून त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले. लागलीच फसफसून बुडबुडे आले. आम्ही फळ्यावर लिहिले: यात चुना आहे, हे समुद्रातील आहे, यास फांद्या आहेत, म्हणून हे पोवळे होय.

मागील बाकावर इयत्ता आठवीतील एक मुलगी बसत असे. ती राजूरची. तिचे वडील तेथील चुन्याच्या भट्टीवर कामास होते, आणि ती येथे मामाकडे राहून शिकत होती. वर्गात ती फारशी बोलत नसे. त्या दिवशी ती उभी राहिली व म्हणाली, "सर, आमच्या राजूरचा दगडही असाच फसफसतो. मग तोही पोवळेच काय?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. ती खाली बसली नाही. "आणि सर, याला सांधे आहेत. बोटाच्या पेरासारखे. पोवळ्याला सांधे असतात काय?"

आम्ही तिला बसण्यास सांगितले, आणि घंटा झाली.

सहामाहीच्या परीक्षेत आम्ही प्रश्न घातला: "शास्त्रशाळेच्या कपाटातील पोवळ्याचे वर्णन करा व ते प्राणिज आहे की वनस्पतिज ते सकारण लिहा." एकोणचाळीस उत्तरपत्रिकांत आमचेच वाक्य आमच्याकडे परत आले. चाळिसाव्या पत्रिकेत असे होते की, कपाटातील वस्तू पोवळे नसावी. तिला सांधे आहेत. शिवाय त्या दिवशीची परीक्षानळी कोणी धुतली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी पाहिली, तेव्हा चुना सगळा विरला होता तरी काडीच्याच आकाराचा एक मऊ दोरा तळाशी राहिला होता. दगड विरून दोरा उरत नाही, म्हणून ही वनस्पती असावी. आम्ही त्या उत्तराचे दोन्ही गुण कापले आणि समासात तांबड्या शाईने लिहिले, "वर्गात सांगितलेले लिहावे." वर्ष संपल्यावर त्या मुलीने शाळा सोडल्याचा दाखला नेला. ती घरी राहून वणीच्या शाळेत जाणार होती. कारण घरगुती होते, दोन गुणांचे नव्हते; तथापि ते तांबडे अक्षर तिच्याबरोबर गेले, हे आम्हांस पुढे वारंवार आठवले.

आमचा समज प्रथम डळमळला तो बाजारात. एका सराफाच्या दुकानात काही कामाकरिता गेलो असता सहज आमच्या पोवळ्याची गोष्ट काढली. सराफ वृद्ध होते. त्यांनी एक काडी पाहावयास मागितली, म्हणून दुसऱ्या दिवशी नेऊन दाखविली. त्यांनी ती दोन नखांत धरली, आणि ती मोडली. "सर, अंगठीतले पोवळे नखाने मोडत नाही," ते म्हणाले, "आणि ते आतपर्यंत लाल असते. हे तर उन्हाने उडालेले दिसते." पोवळ्याच्या अनेक जाती आहेत असे काही तरी बोलून आम्ही तेथून पाय काढला. चिठ्ठी तशीच राहिली.

दुसरा धक्का कायद्याचा. शाळा पाहण्यास आलेल्या एका गृहस्थांनी कपाटासमोर उभे राहून विचारले की, पोवळे ठेवण्यास परवानगी घेतली आहे काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली समुद्रातील खडक बांधणाऱ्या पोवळ्यांचाही समावेश झालेला आहे. वाघास जे संरक्षण तेच त्यांस. आमच्या टिपेश्वरच्या अरण्यातील वाघ आणि डबीतील दोन बोटांचा तुरा एका पंक्तीस बसलेले पाहून आम्हांस घाम फुटला. ज्या वस्तूस आपण फुशारकीने एक नाव दिले, त्या नावानेच आता जाब विचारावयास सुरुवात केली होती. ती वस्तू खरोखर काय आहे हे पाहिल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही रत्नागिरीस गेलो. ओहोटीची वेळ विचारून घेऊन पहाटे रत्नदुर्गाच्या पायथ्याकडील खडकांवर उतरलो. पायाखालचा काळा दगड पाहून प्रथम घरची आठवण झाली. कारण तो आपल्याच मुलखातला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो तप्त रस थरावर थर पसरला, त्याचे एक टोक येथे लाटा खात आहे आणि दुसऱ्या टोकाकडे आमच्या जिल्ह्यात कापूस पिकतो. खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहिले होते. त्यांत वाकून पाहिले, तो आमचा तुरा तेथे जिवंत! पांढरा नव्हे, चांगला गुलाबी, काही ठिकाणी जांभळट, आणि एक नव्हे, सबंध खळग्याची कड त्याने मढविली होती, जशी पावसाळ्यात आमच्या विहिरीची कड शेवाळाने मढते. लाट आत आली की तो तिच्याबरोबर वाके, आणि लाट गेली की उभा राही. दगडासारखा कठीण जिन्नस गवतासारखा वाकतो कसा? भिंग लावून पाहिले. प्रत्येक काडी ही चुन्याच्या लहान लहान कांड्यांची माळ होती, आणि दोन कांड्यांच्या मध्ये एक बारीकशी रेघ होती, तेथे चुना नव्हता. तेथेच तो वाकत होता. बोटाच्या पेरासारखा.

"याला सांधे आहेत" हे एका मुलीने यवतमाळास बसून, वाळलेल्या तुकड्यावर सांगितले होते. आम्हांस त्यासाठी समुद्रापर्यंत यावे लागले.

आम्ही तेथून काही उपटले नाही. वाळूवर वाहून आलेल्या दोन-तीन काड्या तेवढ्या कागदात गुंडाळून घेतल्या. परत आल्यावर शाळेच्या ग्रंथालयात शोधता शोधता फार जुने एक इंग्रजी पुस्तक सापडले. विलायतेच्या किनाऱ्यावरील समुद्रशैवालांचे. त्यात हुबेहूब असेच एक गुलाबी, सांध्यांचे, चुन्याने भरलेले शैवाल रंगविले होते, आणि खाली नाव होते कोरालिना ऑफिसिनॅलिस. आमचा आनंद गगनात मावेना. डबीखाली नवी चिठ्ठी लावली: "कोरालिना ऑफिसिनॅलिस. लाल शैवाल." लावली, आणि या वेळी शहाणपण सुचून ती पेन्सिलीने लिहिली.

ते नाव निदान प्राण्याकडून वनस्पतींच्या बाजूस आले होते, एवढीच त्यातील सुधारणा. पुढे एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या बाईंस आमच्या काड्या दाखविल्या. त्यांनी पुस्तकातील चित्र व काडी शेजारी शेजारी ठेवून विचारले, "सर, चित्रातल्या फांद्या कशा फुटल्या आहेत आणि तुमच्या काडीच्या कशा?" आम्ही पाहिले. चित्रात मधल्या दांड्याच्या दोन्ही अंगांस समोरासमोर बारीक फांद्या निघाल्या होत्या, चिंचेच्या पानावर दले असतात तशा. सारा तुरा पिसासारखा चपटा दिसत होता. आमच्या काडीस मधला दांडा असा नव्हताच. ती गलोलीच्या बेचक्यासारखी दुभंगे, पुढे प्रत्येक फाटा पुन्हा दुभंगे, आणि असेच शेवटपर्यंत. हे आम्ही कितीदा तरी पाहिले होते. परंतु चित्र सापडल्यावर काडीकडे पाहण्याचे सोडून दिले होते.

कोरालिना ऑफिसिनॅलिस हे मुख्यतः थंड व समशीतोष्ण किनाऱ्यांवरचे शैवाल, असे त्या बाईंनी सांगितले. आपल्या कोकणच्या उष्ण किनाऱ्यावर त्याची भावंडे आढळतात. त्यांत जेनिया व ॲम्फिरोआ ही दोन नावे नेहमी भेटावयाची. दोन्ही दुभंगत जाणारी, दोन्हींस सांधे. मग त्यांत निवड कशी करावयाची? जेनिया केसासारखे बारीक असते, व त्याच्या बीजाणूंच्या कोठड्या फांदीच्या रेषेतच, बेचक्यापाशी फुगलेल्या असतात. ॲम्फिरोआ त्याहून जाड व ठिसूळ. आणि त्याच्या कोठड्या कांड्यांच्या अंगावर खसखशीच्या दाण्याहूनही लहान फोडांसारख्या विखुरलेल्या असतात. कोरालिनात त्या फांद्यांच्या शेंड्यांशी येतात. बाईंनी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली काडी ठेवली आणि आम्हांस डोळा लावावयास सांगितले. कांड्यांच्या अंगावर फोड होते, प्रत्येकाच्या टोकाशी एक नखाएवढेही नव्हे, सुईने टोचल्यासारखे छिद्र.

मग त्यांनी एक काडी सौम्य आम्लात घालून रात्रभर ठेवली, व सकाळी जो मऊ दोरा राहिला तो काचेवर पसरून दाखविला. दोरा पेशींच्या ओळींचा होता. विटांच्या भिंतीसारख्या त्या एकीपुढे एक रचलेल्या. त्या म्हणाल्या की फसफसणे हा चुन्याचा पुरावा, पोवळ्याचा नव्हे; पोवळ्याचा प्राणी आपल्या अंगाखाली चुना ओततो व त्यावर बसतो, म्हणून आम्लात त्याचे घर विरून जाते आणि मागे काही राहत नाही म्हटले तरी चालेल. या शैवालात चुना पेशींच्या भिंतींतच मुरलेला असतो. तो काढून घेतला तरी भिंती उभ्या राहतात. शिवाय पोवळ्याच्या अंगावर प्राण्यांच्या बसण्याच्या वाट्या दिसतात, याचे अंग गुळगुळीत. आम्ही ऐकत होतो, आणि आमच्यासमोर चाळिसावी उत्तरपत्रिका दिसत होती. त्या मुलीने हा प्रयोग न धुतलेल्या परीक्षानळीवर केला होता.

आमच्यासारखे फसलेले पूर्वी थोडे झाले नाहीत, हे वाचून मनास किंचित बरे वाटले. लंडनमधील जॉन एलिस नावाच्या व्यापाऱ्याने १७५५ साली या वर्गातील जिनसांवर एक ग्रंथ लिहिला आणि ते सर्व प्राणी होत असे प्रतिपादिले. त्याने पाहिलेल्यांपैकी पुष्कळ खरोखरच प्राणी होते, म्हणूनच उरलेल्यांविषयीची त्याची चूक खपून गेली. लिनिअसने १७५८ साली कोरालिना ऑफिसिनॅलिस हे नाव आपल्या ग्रंथात घातले ते प्राण्यांच्याच भागात. ऑफिसिनॅलिस म्हणजे औषधविक्याच्या दुकानातले. युरोपात त्याचे चूर्ण जंतांवर देत असत. १७६६ साली पालास याने ही वनस्पती आहे असे म्हटले, पण ते सर्वांस पटले नाही. १८३७ साली फिलिप्पी याने सांधे नसलेली, दगडावर लेपासारखी पसरणारी जी याची जातभाई आहेत तीही वनस्पतींपैकीच होत, असे दाखविले. म्हणजे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ मोठमोठ्या पंडितांच्या कपाटांत आमच्यासारख्याच चिठ्ठ्या होत्या. आपल्या किनाऱ्याचे शास्त्रशुद्ध वर्णन त्यामानाने अलीकडचे. डेन्मार्कचे बॉर्गेसन १९२७-२८ साली हिंदुस्थानात येऊन गेले, व तत्कालीन मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील लाल शैवालांवरचे त्यांचे लेख १९३१ पासून क्यू येथील पत्रिकेत येऊ लागले.

मुले आता विचारतात की, शेवाळ तर हिरवे असते, हे लाल का? हिरवे द्रव्य यातही आहे. परंतु त्यावर एका तांबड्या द्रव्याचे आच्छादन असते. समुद्रात खोल जावे तसा तांबडा प्रकाश प्रथम नाहीसा होतो, निळा-हिरवा तेवढा खाली पोहोचतो. हे तांबडे द्रव्य नेमका तोच प्रकाश धरून ठेवते. म्हणूनच लाल शैवाले फार खोलवर जगू शकतात. बहामा बेटांजवळ १९८४ साली २६८ मीटर खोलीवर या चुनेदार कुळातील एक लेप जिवंत सापडला, जेथे आपल्या डोळ्यांस काळोखच दिसावा. शैवाल मेले की रंग उन्हात उडतो आणि पांढरा चुना उरतो. आमच्या सराफांनी एवढे एका दृष्टीत ओळखले होते. लाल शैवालांचा आपल्या घरांशी मुळीच संबंध नाही असेही नाही. उन्हाळ्यात ज्या चायना ग्रासने आपण दुधाच्या वड्या थिजवितो, ते त्यांच्यातीलच दुसऱ्या, बिनचुन्याच्या जातींपासून निघते.

या कुळाची कामगिरी पोवळ्यांच्या बेटांतही मोठी आहे. लेपासारख्या पसरणाऱ्या जाती मोडक्या पोवळ्यांचे तुकडे एकमेकांस सांधून टाकतात, जणू गवंड्याने चुन्याने दगड सांधावे; आणि पोवळ्यांची नवजात पिले बसावयास पुष्कळदा हाच लेप निवडतात. म्हणजे पोवळ्यांचा गवंडी तो आम्ही पोवळाच समजलो! धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड समुद्र पोटात घेतो व त्याचे पाणी आम्लतेकडे झुकते, हे अलीकडे सर्वत्र वाचावयास मिळते. या शैवालाच्या चुन्यात मॅग्नेशियम बरेच असते, आणि असा चुना इतरांच्या आधी विरतो. आमच्या परीक्षानळीत जे एका मिनिटात झाले, त्याची फारच मंद आवृत्ती समुद्रात चालू आहे असे समजावे.

असो. चिठ्ठी बदलली. परंतु दोन गुण आमच्याकडे बाकी होते.

गेल्या हिवाळ्यात वणीस जाण्याचा योग आला. यवतमाळापासून तो रस्ता शंभर किलोमीटरांहून अधिक आहे, आणि वणीपासून राजूर अगदी जवळ. खिशात भिंग, एका कुपीत आम्लातून काढलेला मऊ दोरा व दुसरीत एक गुलाबी काडी घेऊन आम्ही निघालो. वाटेत एक कल्पना फार गोड वाटू लागली होती: राजूरच्या भट्टीत जो दगड भाजतात तोही पूर्वी अशाच शैवालांनी बांधला असावा, आणि चुना फासलेल्या आमच्या भिंती म्हणजे एक प्रकारे समुद्राची बाग होय! भाषणास ते वाक्य फारच शोभले असते. परंतु दोनदा पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो. वणीस भूस्तरशास्त्र जाणणारे एक ओळखीचे गृहस्थ होते, त्यांस अगोदर विचारले. त्यांनी मान हलविली. पैनगंगेच्या नावाने ओळखला जाणारा इकडचा चुनखडक समुद्राचाच, यात शंका नाही. पण तो समुद्र इतका जुना की, त्यात मासे नव्हते, शिंपले नव्हते, आणि आमचे शैवालही नव्हते. कवच वागविणारा प्राणी पृथ्वीवर जन्मण्यापूर्वीचा तो चिखल आहे. आम्ही ते गोड वाक्य वणीसच सोडून दिले.

भट्टीपाशी दगडांचे ढीग होते, धूर होता, आणि सर्व वस्तूंवर पांढरी पूड बसलेली होती. झाडांवर, सायकलींवर, माणसांच्या भुवयांवर. मुलीच्या वडिलांनी डोक्याचा रुमाल सोडून एका खाटेवरची पूड झटकली व "बसा जी, सर" म्हणाले. कशाकरिता आलो हे त्यांस कळेना. मुलगी शाळेतून आली; ती आता अकरावीत आहे. तिने आम्हांस नमस्कार केला आणि घाबरल्यासारखी उभी राहिली. शाळेचा शिक्षक घरी येतो तो काही चांगल्या बातमीसाठी येत नाही, असाच बहुधा सर्वत्र अनुभव असावा.

आम्ही सांगितले की, आठवीच्या सहामाहीत तुझे उत्तर बरोबर होते व आमचे चूक होते. तिच्या वडिलांकडे वळूनही तेच पुन्हा सांगितले. हे दोन वाक्यांचे भाषण आम्ही वाटेत पुष्कळदा घोकले होते, तरी ते नीट झाले नाही. वडील म्हणाले, "सर, एवढ्यासाठी एवढ्या दूर कशाला आले? पोरीनं तर कधी सांगितलंबी नाही." मुलगी काही बोलली नाही. तिने कुपी हातात घेतली, उन्हाकडे धरली, मग भिंग मागितले. बराच वेळ ती दोरा पाहत होती. नंतर गुलाबी काडी पाहिली, आणि बोटाने मोजीत म्हणाली, "दुभंगतंय, पुन्हा दुभंगतंय. सर, याचं नाव काय?"

"ॲम्फिरोआ."

"आणि पुढचं नाव?"

जातीचे नाव देण्यास काडीचे उभे पातळ काप काढून सांध्यांतील पेशींचे थर मोजावे लागतात, आणि ते अद्याप झालेले नाही, असे आम्ही सांगितले. चिठ्ठीवर त्याकरिता जागा कोरी ठेविली आहे, हेही सांगितले. तिला ते आवडल्यासारखे दिसले.

चहा झाला. भट्टीकडील चुनखडकाविषयी वणीच्या गृहस्थांकडून जे ऐकले होते, ते आम्ही तिला व तिच्या वडिलांस सांगितले. हा दगड ज्या समुद्रात बसला त्यात शिंपलासुद्धा नव्हता. वडिलांनी पायाजवळचा एक तुकडा उचलून उलटसुलट पाहिला व पुन्हा खाली ठेवला. मुलगी काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, कपाटात कोळशाच्या बाजूला आमच्या राजूरचा दगड आहे ना? त्याच्याखाली काय लिहिलेलं आहे?"

त्याखाली काय लिहिले आहे हे आम्हांस चांगले ठाऊक होते, कारण तेही अक्षर आमचेच. तेथे लिहिले होते, "चुनखडक, राजूर. समुद्रातील शिंपल्यांपासून झालेला."

परत आल्यावर शास्त्रशाळा उघडून प्रथम तीच चिठ्ठी काढली.